कोऱ्या तक्त्यावरची सही

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत मी चांगला माणूस नाही. मागे एकदा बायकोला हे सांगायला बसलो, तर अर्ध्यातच माझं सुरू झालं, ठेकेदार कसा होता, मॅनेजर कसा होता, ऊन किती होतं. ती म्हणाली, "ते राहू द्या. तुम्ही काय केलं ते सांगा ना." मी चहा मागितला आणि विषय बदलला. आज बदलत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सेलूचा, आयटीआय झालेला. तळेगावच्या बाजूनं जमिनीखालून तेलाची पाइपलाइन जायची, तिच्यावर एका ठेकेदाराकडे टेक्निशियन म्हणून लागलो होतो. लोखंड जमिनीत पुरलं की गंज धरतंच. म्हणून पाइपला वरून काळं वेष्टण असतं, आणि शिवाय त्यात थोडीशी वीज सोडलेली असते. ती वीज सगळीकडे पोचते की नाही हे दर महिन्याला तपासायचं, असा सरकारी नियम. लाइनवर जागोजागी पिवळे खांब होते. खांबातली वायर मीटरला जोडायची, मीटरची दुसरी वायर मोरचुदाच्या पाण्यानं भरलेल्या नळीला लावायची आणि ती नळी ओल्या मातीवर टेकवायची. आकडा साडेआठशेच्या वर आला म्हणजे पाइप सुखरूप. खाली आला म्हणजे कुठंतरी गंज खातोय. बस, एवढंच काम. कोणालाही दोन दिवसांत शिकता आलं असतं.

माझ्या सोबतीला लाइनमन होते, वयानं माझ्या वडिलांएवढे. त्यांना सगळेच मामा म्हणायचे. गोंड माणूस. घरी बायकोशी गोंडी बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडी. रोज लाइनच्या काठानं पायी फिरायचं, कोणी वर खोदून तर नाही राह्यला ते पाहायचं, आणि माझ्या तपासणीच्या दिवशी पाण्याची कॅन घेऊन माझ्यामागं यायचं. उन्हाळ्यात काळी माती इतकी सुकते की पाणी ओतल्याशिवाय मीटर काही दाखवतच नाही. मी चोवीस वर्षांचा आणि ते मला साहेब म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते लय आवडायचं.

मामा शाळेत गेले नव्हते. गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा पन्नाशीच्या घरात ते पाटी घेऊन बसले. आकडे शिकले, थोडंफार वाचायला शिकले आणि सही शिकले. त्या सहीचं त्यांना काय कौतुक! आमच्या तक्त्यावर खाली दोन रकाने होते, एक तपासणाऱ्याचा, एक वरच्याचा. वरच्याच्या रकान्यात माझी सही, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात मामांची, कारण तशीच पद्धत पडली होती. मामा आधी हात धुवायचे. धोतराला पुसायचे. मग तक्ता मांडीवर घेऊन एकेक अक्षर काढायचे आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी ओढायचे, डावीकडून उजवीकडे, एका दमात. रेघ सरळ आली की माझ्याकडे पाहून हसायचे. "जमली का नाई, साहेब?" मी म्हणायचो, "फर्स्ट क्लास, मामा."

सुरुवातीला मी काम नीट केलं. मग एका पावसाळ्यात चिखलात गाडी फसली, शेवटचे सहा खांब राहिले, आणि मी मागच्या महिन्याचे आकडे दोन-चारनं इकडेतिकडे करून लिहून टाकले. कोणी काही म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात दहा खांब राहिले. मग उन्हाळा आला. मला ऊन लागत होतं, एवढंच कारण. घरी कोणी आजारी नव्हतं, कोणी माझ्यावर दबाव आणला नव्हता. तळेगावच्या फाट्यावर चहाच्या टपरीत पंखा होता आणि खांबापाशी पंखा नव्हता. टपरीत बसून मी पूर्ण लाइन तपासायचो, लेका!

अडचण फक्त मामांच्या सहीची होती. दर महिन्याला त्यांच्या गावी जायचं म्हणजे पुन्हा तेच ऊन. म्हणून एकदा मी वर्षाचे बारा कोरे तक्ते घेऊन गेलो.

मामांनी हात धुतले, पुसले, पहिला तक्ता मांडीवर घेतला आणि थांबले.

"साहेब, याच्यात तं काईच लिवलं नाई जी?"

"मी लिहितो ना मामा. भरोसा नाई का माह्यावर?"

"भरोसा हाय ना बाप्पा. भरोसा काऊन नाई?"

आणि बारा सह्या केल्या. बारा वेळा वरची रेघ ओढली. मी बाजेवर बसून त्यांच्या बायकोनं दिलेला चहा प्यालो.

बरं, मामा गप्प बसणारे होते का? तेही नाही. त्याच वर्षी त्यांच्या गावच्या नाल्यापाशी कोणीतरी मशीन लावून मुरूम खोदून नेला. मामा दुसऱ्या दिवशी फाट्यावर चालत आले. टपरीत मला शोधलं.

"साहेब, नाल्यापाशी पाइपाचं कातडं सोललं. म्या डोयानं पाह्यलं. मातीत झाकल्या गेलं आता, पण तुमी मीटर लावून पाहा. चला आताच."

"पाहू मामा, या महिन्यात पाहू."

"तिथूनच आमचे ढोरं पाणी पेतात जी. बायाबी तिथूनच भरतात."

मी एकदाच गेलो, पुढच्या आठवड्यात. मामांनी पाणी ओतलं. मीटरवर सहाशेच्या आसपास आकडा आला. मामा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. "सहाशे हाय, साहेब. साडेआठशे पायजे ना?" मी म्हटलं, जमीन सुकलेली आहे मामा, म्हणून कमी दाखवतोय. त्यांनी कॅनमधलं उरलेलं सगळं पाणी ओतलं. आकडा हलला नाही. मी मीटर बंद करून पेटीत ठेवला. खरं लिहिलं असतं तर खोदकाम, अहवाल, आणि मागच्या महिन्यांचे तक्ते काढून पाहणी झाली असती. त्या रात्री मी नाल्याच्या खांबापुढे नऊशे वीस लिहिलं. खाली मामांची सही आधीच होती.

असं दोन वर्षं चाललं. दुसऱ्या वर्षी पुन्हा बारा तक्ते. मामा दरवेळी विचारायचे, नाल्याचं काय झालं? मी म्हणायचो, वर कळवलं आहे. कळवलं नव्हतं.

मग सरकारी सुरक्षा खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. बारीक माणूस, हिंदी बोलणारा, डोक्याला रुमाल बांधलेला. आमच्या मॅनेजरनं काजू मागवले होते, त्यांनी हात लावला नाही. सगळे तक्ते टेबलावर पसरले आणि उभ्यानंच पाहत राहिले. मग म्हणाले, "मई में भी नौ सौ बीस, अगस्त में भी नौ सौ बीस. यहाँ की ज़मीन को मौसम नहीं लगता क्या?"

त्यांनी जीप काढायला लावली. सरळ नाल्याचा खांब. तपासणी येणार हे ऐकून मामा आधीच तिथं पाण्याची कॅन घेऊन उभे होते, आणि चेहऱ्यावर आनंद होता हो त्या माणसाच्या! शेवटी कोणीतरी आलं म्हणून. अधिकाऱ्यांनी स्वतः नळी टेकवली. पाचशे ऐंशी.

त्यांनी तक्ता पुढं धरला. "ये दस्तख़त किसका है? रीडिंग किसने ली?"

आमचा मॅनेजर लगेच म्हणाला, "यही लेता है, सर. अनपढ़ आदमी है, ग़लती कर दी होगी."

अधिकारी मामांकडे वळले आणि हळूच विचारलं, "आपका है?"

मामांनी तक्ता हातात घेतला. आकडा वाचला, त्यांना वाचता येत होतं. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी सांगेन म्हणून पाहिलं. मी मीटरची वायर गुंडाळत होतो. गुंडाळून झालेली वायर सोडून मी परत गुंडाळायला लागलो. एवढा नालायक होतो मी.

"सही माहीच हाय जी," मामा म्हणाले. "माह्या सहीले नाई कसं म्हणू?"

पुढं खोदकाम झालं. वेष्टण हातभर फाटलेलं, आणि उघड्या लोखंडावर गंजाचे खड्डे. एकात माझ्या करंगळीचं टोक बसलं. बरोबर आलेला इंजिनियर म्हणाला, अजून काही काळ असंच राहिलं असतं तर पाइप फुटून तेल नाल्यात गेलं असतं. तुकडा बदलला. नाल्याचं पाणी वाचलं, ते त्या अधिकाऱ्यामुळे, आणि त्याआधी मामांमुळे. सरकारची नोटीस आली, काय कारवाई केली ते कळवा. मॅनेजर मला म्हणाला, तुझं अक्षर चांगलं आहे, उत्तराचा मसुदा तूच लिही. मी लिहिला. 'संबंधित कामगारास कामावरून कमी करण्यात आले आहे.' हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कोणाच्या तोंडचं नाही.

मामांना भेटायला मी गेलो नाही. त्या वाटेनं जावं लागलं की गाडी जोरात काढायचो. वर्षभरानं नागपूरला दुसरी नोकरी मिळाली आणि सुटलो, असं मला वाटलं.

सात-आठ वर्षांनी माझ्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन सेवाग्रामच्या दवाखान्यात होतं. दुपारी वॉर्डाबाहेर टेबलापाशी एक म्हातारा उभा दिसला. पाठ ओळखली मी. पळून जावंसं वाटलं, पण तोवर त्यांनी पाहिलं होतं.

"साहेब! इकडं कुठं?"

त्यांच्या बायकोच्या पोटाचं ऑपरेशन होतं. संमतीचा कागद टेबलावर होता. सिस्टरनं पेन पुढं केला. मामांनी तो घेतला नाही, अंगठा पुढं केला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, तुम्हाले तं सही येते!"

"येते ना," मामा म्हणाले. "पण अंगठा म्हटलं का हे लोकं पयले वाचून दाखवतात."

खरंच, सिस्टरनं कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागली, ओळ न् ओळ. मामा मान खाली घालून ऐकत होते. एके ठिकाणी थांबवून त्यांनी परत वाचायला लावलं. मग अंगठ्याला शाई लावून अंगठा उठवला. त्या शाईकडे मला पाहवेना.

"अंगठा आहे, साक्षीदार लागेल," सिस्टर म्हणाली आणि पेन माझ्याकडे केला. "तुम्ही ओळखता ना यांना? करा."

मी पेन घेतला. वाटलं, आता तरी एक सही या माणसाच्या कामी येईल. खाली वाकलो.

मामांनी शाईचा अंगठा वर धरून, दुसऱ्या हातानं कागद अलगद आपल्याकडे ओढला.

"नोका, साहेब. तुमी नोका करू," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. बाजूच्या बाकावर हिंगणघाटकडचा कोणी अनोळखी माणूस बसला होता, त्याला म्हणाले, "भाऊ, तुमी करता का?"

तो माणूस उठून आला. चष्मा लावला आणि सही करण्याआधी पूर्ण कागद वाचला. मी पेन हातात धरून उभा होतो. शेवटी त्यानंच तो माझ्याकडून मागून घेतला.