छापायचं आसंल तर खरं सांगते

दिवाळीनंतरच्या सोमवारी पलूसजवळच्या आमच्या गावात, एसटी स्टँडसमोर, माझा फ्लेक्स लागला. आयकार्डवरचा फोटो, अर्धवट मिटलेले डोळे आणि खाली ‘आंतरराष्ट्रीय संशोधिका’... मी बसमधून उतरले आणि समोर मीच.

प्रत्यक्षात काय झालं होतं ते सांगते. मी पाठवलेला शोधनिबंध जर्नलने नाकारला नव्हता, एवढंच. ‘मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा’ असा मेल होता. आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले काका, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी विचारलं, “नापास न्हाई न्हवं?” मी म्हटलं, नाही. त्यांना तेवढं पुरलं.

मी फ्लेक्स काढा म्हणाले. तात्या शांतपणे म्हणाले, “आगं, पलटणीत बढतीची कुणकुण लागली तरी पेढे वाटत्यात. ऑर्डर येतीया मागनं.”

मला असे आधीच पेढे वाटणं परवडणारं नव्हतं. इंजिनिअरिंग करून मी सोशल वर्ककडे वळले, आता सांगलीत पीएचडी करते. या विषयात फंडिंग मिळवणं म्हणजे आधी ते कुठे आहे हे शोधणं... दोन फेलोशिपचे नकार आले, तिसरी मिळाली. तिची अट अशी, की पहिल्या वर्षात एक निबंध चांगल्या जर्नलने स्वीकारला, तरच दुसरं वर्ष. ‘फी भरा, आठवड्यात छापून देतो’ असे मेल रोज येतात. ते मी न उघडता डिलीट करते. त्यामुळे माझ्याकडे हे एकच जर्नल होतं.

माझा विषय साधा आहे. नवरा सैन्यात असलेल्या घरात शेतीचे निर्णय कोण घेतं? वीस-पंचवीस घरांत जाऊन मी मुलाखती घेतल्या होत्या. सगळीकडे जवळपास एकच उत्तर... ते फोनवर सांगतात, घरात सासूबाई बघतात.

रिव्ह्यूअरने एकच प्रश्न विचारला होता. मुलाखतीच्या वेळी खोलीत आणखी कोण होतं?

सगळे होते. आपल्याकडे सुनेशी बोलायला कुणी बाहेरून आलं की घर गोळा होतं. सासूबाई चहा ठेवायला सांगतात आणि तिथेच बसतात, दीर दारात उभे राहतात, शेजारीण काय चाललंय बघायला येते. यात वाईट हेतू नसतो, पाहुणचार असतो. पण डेटा म्हणून ते चालणार नव्हतं. एकटं भेटायला गेले तर सुना म्हणायच्या, “आत्याबाई आल्यावर या.” आत्याबाई म्हणजे सासूबाई. मुदत संपत आली होती आणि माझ्याकडे उपाय नव्हता.

फ्लेक्स लागल्याच्या तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत सुरेखावहिनी भेटल्या. माझ्या नोंदीत त्या ‘सहभागी क्रमांक सात’. नवरा जम्मूकडे, मुलगी शाळेत, चार एकर ऊस.

“फ्लेक्सवर हायस ती तूच न्हवं?”

मी मान डोलावली. दुसरं काय करणार...

“म्हंजे आमी बोललेलं खरंच छापणार व्हय?”

मी म्हटलं, अजून नक्की नाही. छापलं तरी नाव येणार नाही, फक्त क्रमांक.

त्या डबा खाली ठेवून जवळ आल्या. “मग तवा आत्यांसमोर सांगितलेलं काढून टाक. ते काय खरं न्हाई. मला वाटलं, फोटो काढून जाणारी आसशील. छापायचं आसंल तर खरं सांगते. उद्या पाण्याची पाळी हाय, रानात ये.”

मी गेले. मोटर चालू होती, पाटाने पाणी जात होतं आणि त्या बोलत होत्या. ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा, तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर फुटणारा खोडवा ठेवायचा की मोडायचा, सगळं त्याच ठरवतात. “त्यास्नी फोनवर आशी इचारते, की त्येच मला सांगत्यात, असं त्यास्नी वाटावं. आत्यांचं बी तसंच.”

मग बातमी पसरली. कुणी रानात बोलावलं, कुणी बँकेच्या रांगेत बोललं. पहिली उत्तरं बदला, असं बाकीच्या सुनाही स्वतःहून सांगत होत्या. बहुतेक सगळा निबंध मी नव्याने लिहिला.

गेल्या आठवड्यात स्वीकारल्याचा मेल आला. त्यापाठोपाठ फेलोशिपचा... दुसरं वर्ष मंजूर.

रविवारी मारुतीच्या देवळात गावासमोर मी निबंधाचा मराठी सारांश वाचला. कोणाचं कोणतं वाक्य कोणत्या क्रमांकाने वाचणार, हे जिचं तिला सांगून आधी विचारलं होतं. सुरेखावहिनी म्हणाल्या होत्या, “वाच की.” ओळख पटेल असे सगळे तपशील मी काढले होते. त्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

‘सहभागी क्रमांक सात’ म्हणून मी तो फोनचा प्रसंग वाचला. बायका हसायला लागल्या. आणि सुरेखावहिनी उठून उभ्या राहिल्या.

“सात नंबर म्हंजे मीच.”

त्यांच्या सासूबाई पहिल्याच ओळीत बसल्या होत्या.

सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. “खाली बस,” म्हणाल्या. “मला काय ठावं न्हाई व्हय? मी बी माझ्या सासूला आसंच करायची.”

मग मागून एकजण म्हणाली, बारा नंबर मी. तिच्या शेजारची म्हणाली, तीन...

गोपनीयतेचा नियम मी पूर्ण पाळला होता. तो त्यांनी त्यांच्या मर्जीने मोडला, आणि आजवर केलेल्या कुठल्याच कामाचा मला इतका अभिमान वाटलेला नाही.