बिरुदेवाची सुधारलेली हाळी

देवानं बिरुदेव मेंढपाळाला रूप बेताचंच दिलं, पण आवाज देताना हात आखडला नाही. देगावच्या शिवारात त्यानं हाळी दिली की चरायला पांगलेली मेंढरं तर माना वर करायचीच, पण बांधापलीकडे झोपलेला माणूसही दचकून उठून बसायचा. बिरुदेव मूळचा सांगोल्याकडचा. मेंढरं घेऊन सोलापूरच्या अंगाला आला आणि इथलाच झाला. ज्वारी निघाली की शेतकरी त्याला बोलावून घ्यायचे, कारण रात्रभर शेतात मेंढरं बसवली की लेंडीखत फुकटात पडतं.

हाळी म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. ज्याची त्याची हाळी वेगळी असते, आणि मेंढरं आपल्याच मालकाची ओळखतात. बिरुदेवाची ‘हुर्र ये, ये’ अशी सुरू व्हायची आणि शेवटी एक लांबलचक हेल घ्यायची. बिरुदेवाची बायको बाळाबाई नवी नवरी होती तेव्हाच सासूनं तिला बजावून ठेवलं होतं की, माणूस जिता असताना त्याची हाळी दुसऱ्यानं द्यायची नाही. दिली तर तो कामातून गेला असं धरतात. बाळाबाईनं ते आजवर पाळलं होतं. घरची कोकरं तिचं ऐकायची, सून ऐकायची. नवरा ऐकत नव्हता, पण त्याची तिला सवय झाली होती.

मग बिरुदेवाच्या गळ्यात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. जीव वाचणार हे ऐकून बाळाबाईनं पदर डोळ्याला लावला. बिरुदेव मात्र म्हणाला, “मग मेंढरानला कोण बोलवायचं?”

ह्यावर तोड काढली ती सुनेनं. दिपाली बारावी शिकलेली, फोनमधलं सगळं कळणारी. ऑपरेशनच्या आधी तिनं सासऱ्याला माळावर उभं केलं आणि त्याची हाळी फोनमध्ये भरून घेतली. मागं मेंढरांचं बें बें, वारा, चंद्री शेळीच्या गळ्यातली घंटा, सगळं त्यात आलं. बिरुदेवाच्या आग्रहावरून आणखी एक वाक्य भरलं, “बाळे, च्या टाक की.”

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक पडलं, श्वास तिथूनच जाऊ लागला, त्यामुळं शीळही गेली. पण बिरुदेव हरला नाही. बंडीच्या खिशात फोन, गळ्यात लोंबणारा छोटा स्पीकर, आणि फोनवर फुकटात गाणी ऐकवणाऱ्या ॲपमध्ये हाळीचं एक मोठं ठसठशीत बटण. ते दाबलं की माळभर हाळी. पहिले काही दिवस मेंढरं त्याच्या पाठीमागं कोणी उभं आहे का, ते बघायची. मग त्यांनी मनावर घेतलं. कळपाची म्होरकी चंद्री एकदा वळली की बाकीची तिच्या मागं, हा तर जगाचाच नियम आहे. बिरुदेव पुन्हा ताठ चालू लागला. चहाच्या बाबतीत मात्र यंत्र कमी पडलं. “पेटीनं सांगितल्याला च्या मी टाकत न्हाय,” असं बाळाबाईनं पहिल्याच दिवशी ऐकवलं.

दोन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी फोननं आपण होऊन जाहीर केलं, ‘आम्ही आता आणखी चांगले झालो आहोत!’ असं कोणी मागितलं नव्हतं. ठसठशीत बटण गेलं. त्याच्या जागी रंगीबेरंगी गोळे आले आणि फोननं विचारलं, ‘आज तुमचा मूड कसा आहे?’ उत्साही, शांत की प्रेमात, एवढीच मुभा होती. मेंढरं तेव्हा दुसऱ्याच्या मक्यात शिरत होती. बिरुदेवानं घाईघाईनं ‘शांत’ दाबलं. स्पीकरमधून बासरी वाजू लागली. मेंढरांनी त्या बासरीवर मक्याच्या दोन ओळी फस्त केल्या, आणि मकेवाला बिरुदेवाला जे बोलला त्यात शांत असं काही नव्हतं.

दिपालीनं शोधाशोध केली. फोननं ती हाळी गाणं नाही म्हणून ‘गोंगाट’ नावाच्या कप्प्यात टाकली होती. तिनं ती वर काढली, तर ती सुधारलेली निघाली. वारा पुसलेला, बें बें पुसलेलं, घंटा पुसलेली, आणि बिरुदेवाचा खरखरीत आवाज असा गुळगुळीत केलेला की जणू बँकेतून कर्ज हवंय का विचारायला फोन आलाय. चंद्रीनं ती ऐकली आणि चरत राहिली. दिपालीनं कंपनीला लिहिलं, आमचा जुना आवाज परत द्या, मेंढरं ऐकेनात. उत्तर लगेच आलं. ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. तुमच्या मेंढरांना कोणत्या प्रकारचं संगीत आवडतं?’ जुना आवाज शेवटपर्यंत मिळाला नाही.

वर आणखी एक गंमत होती. हाळीच्या आधी आता जाहिरात लागायची. एक लाडिक बाई म्हणायची, “नमस्कार! घामोळ्यांनी हैराण आहात?” मग पावडरीचं कौतुक, आणि त्यानंतर ती गुळगुळीत हाळी. इंटरनेट बंद केलं तर फोन रुसून कामच करायचा नाही. बिरुदेव रोज फोन दाबायचा, काठीनं मेंढरं रेटायचा, पुन्हा फोन दाबायचा. आणि हळूहळू मेंढरं शिकली. बाईनं नमस्कार केला की काठी बसते, हे त्यांनी ओळखलं. मग नुसत्या नमस्काराला कळप वळू लागला. घामोळ्यांपर्यंत जायची गरजच उरली नाही.

गावात हसून हसून मुरकुंडी वळली. “तात्या, मेंढरानला पावडर लावता का न्हाय?” असं पारावरनं कोणीतरी रोज विचारायचं. आपला आवाज गेला, त्याच्या जागी ही बया आली, ह्याची बिरुदेवाला मनापासून लाज वाटायची. पण मेंढरं वळत होती, म्हणजे तो अजून मेंढपाळ होता. त्यानं मुकाट्यानं ते गिळलं.

ऐन मार्चात बायपासच्या कडेला ज्वारीच्या धसकटात मेंढरं चरत होती. बाळाबाई दुपारची भाकरी घेऊन आली होती. रस्त्यापलीकडे विरेशचा ढाबा. विरेशही त्याच ॲपवर फुकटातच गाणी ऐकणारा, आणि त्यानं त्याच दिवशी नवा मोठा स्पीकर बसवलेला. गाणं संपलं आणि पलीकडून आवाज आला, “नमस्कार! घामोळ्यांनी हैराण आहात?”

चंद्रीनं मान वर केली आणि रस्त्याच्या दिशेनं निघाली. तिच्या मागं अख्खा कळप. मोहोळकडून उसाचे ट्रक भरधाव येत होते. बिरुदेवानं फोन काढला, दाबला. फोनवर एक गोल चक्र फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘आम्ही आणखी चांगले होत आहोत. कृपया थांबा.’ त्यानं तोंड उघडलं, मान ताणली, शिरा फुगल्या. भोकातून नुसती हवा आली. काठी टाकून तो पळत सुटला, पण चंद्री डांबराला टेकली होती.

बाळाबाईच्या हातातली भाकरी खाली पडली. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली. नवऱ्याची हाळी, ‘हुर्र ये, ये’पासून शेवटच्या हेलापर्यंत, खरखरीसकट.

चंद्री जागच्या जागी थांबली. वळली. कळप वळला. मागून ट्रक भोंगा वाजवत निघून गेला.

बिरुदेव धसकटात मटकन बसला. बाळाबाई त्याच्यापाशी आली, पण त्याच्याकडं बघायचं तिला धाडस होईना. “अवं, माझ्याकडनं गेली तोंडातनं,” ती म्हणाली. “तुमास्नी काय हुणार न्हाय.” बिरुदेवाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

संध्याकाळी हकीकत ऐकून दिपाली म्हणाली, “आत्या, आता तुमचाच आवाज फोनमध्ये भरते.”

“नको गं बाई,” बाळाबाई म्हणाली. “उद्या मलाबी सुदारून ठिवंल त्यो.”

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना ती दोघं मिळून माळावर गेली. बिरुदेव बांधावर बसला, बाळाबाई पुढं उभी राहिली. तिनं हाळी दिली. मेंढरं निघाली. तेवढ्यात मागून काठी दोनदा जमिनीवर आपटली. तिनं वळून पाहिलं, तर बिरुदेव मान हलवत होता. त्यानं हात हवेत लांबवर ओढून दाखवला. शेवटचा हेल कमी पडला, असं त्याचं म्हणणं होतं.

मेंढरं अर्ध्या वाटेवर आली होती. बाळाबाईनं पदर खोचला, श्वास भरून घेतला आणि तो म्हणाला तशी, हेल लांबवून, हाळी पुन्हा दिली.