सेमिनार रद्द झाल्याचा निरोप

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या साइटवरचे अनुभव मी ऑफिसात जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचो, चार लोकांना हसवायला. सध्या टोकियोत, तोयोसु भागात आयटीत आहे. हे घडलं तेव्हा जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक होतो. नाव देत नाही.

तिकडे बर्फ कमरेएवढा पडतो. फारच झाला की युनिव्हर्सिटी सकाळी वेबसाइटवर टाकते — आज क्लास रद्द. पण लॅबला ते लागू नाही. लॅबचं काय ते सेन्सेई, म्हणजे आमचे प्रोफेसर, ठरवणार. ते सिनियरला मेल करणार आणि सिनियरने आपल्या ज्युनियरला कळवायचं, अशी पद्धत. माझी ज्युनियर ऋजुता. साताऱ्याची, पीएचडीच्या पहिल्या वर्षाला. मला दादा म्हणायची.

जानेवारीत एकदा सकाळी सातला तिचा फोन आला.

"दादा, क्लास रद्द झालेत. आजचा सेमिनार पण नसेल ना? बाहेर काहीच दिसत नाहीये हो."

"लॅब म्हणजे कॉलेज वाटलं का तुला? सेमिनार आहे. निमूट ये."

"बरं... येते."

आठला सेन्सेईंचा मेल आला. सेमिनार रद्द, कोणी घराबाहेर पडू नका. ऋजुता साडेआठला निघायची, म्हणजे अर्धा तास हातात होता. मी कळवलं नाही. विसरलो नव्हतो... मुद्दामच कळवलं नाही. आदल्या आठवड्यात तिने सगळ्यांसमोर माझ्या ग्राफमधली चूक दाखवली होती. म्हटलं, येऊ दे कॅम्पसचा चढ चढून, जरा मस्ती जिरेल.

माझी खोली कॅम्पसमध्येच होती. साडेनऊला मी लॅबकडे गेलो, खास तिचा चेहरा बघायला. दाराशी बुटांचं कपाट आहे. त्यात तिचे लाल बूट होते, बर्फ वितळून खाली पाणी साचलेलं. आत हजेरीचा बोर्ड — आल्यावर आपल्या नावापुढचं मॅग्नेट 'आत' या रकान्यात सरकवायचं. तिचं सरकवलेलं होतं. आमचा टेक्निशियन किमुरा-सान तेवढा आलेला. तो म्हणाला, "बूट मीही पाहिले. खाली मायक्रोस्कोपच्या खोलीत असेल."

माझं समाधान झालं. कॉफी केली, काम करत बसलो.

एक वाजला तरी ती वर आली नाही. फोनही उचलेना. खाली गेलो तर मायक्रोस्कोपच्या खोलीला बाहेरून कुलूप. परत दाराशी आलो... कपाटात बूट नव्हते. पाणी मात्र तसंच होतं.

मग शोधाशोध सुरू झाली. चारच्या सुमारास ती सापडली. चढावर पाय घसरून रस्त्याखालच्या खड्ड्यात पडली होती. पाय मोडलेला, फोन हातातून उडालेला, वरून बर्फ साचत गेलेला. लाल बूट तिच्या पायात होते. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर काही तास तरी जिवंत असावी.

म्हणजे मी कॉफी पीत होतो तेव्हा ती जिवंत होती! बूट दिसले नसते तर मी शोधायला नक्की गेलो असतो, असं मी स्वतःला सांगतो. किमुरा-सानने पोलिसांनाही बूट पाहिल्याचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, बस. दारावरच्या कॅमेऱ्यात आम्ही दोघंच आत जाताना दिसलो. मग ते बूट कोणी ठेवले? मॅग्नेट कोणी सरकवलं? आणि मला तिथे निवांत बसवून कोणाला काय मिळालं? खूप डोकं चालवलं. आजही काही कळत नाही.

चौथ्या दिवशी तिचे बाबा आले. माझ्याच खोलीत राहिले. निघताना म्हणाले, "असल्या दिवशी तुमच्या सरांनी सुट्टी द्यायला पाहिजे होती हो."

"हो काका," मी म्हणालो. "पण सर कोणाचं ऐकत नाहीत."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही होता म्हणून आम्हाला घोर नव्हता. रोज सांगायची, दादा आहे म्हणून."

तेव्हापासून दर दिवाळीला ते मला कुरियरने कंदी पेढे पाठवतात. मी खातो.