नाकात घालायचं मिठाचं पाणी

वाटीतलं पाणी मी चमच्याने जिभेवर घेतलं आणि मागीलदारी जाऊन थुंकले. त्यात बांगडा खारवता आला असता. पाणी मात्र दीड महिन्याच्या बाळाच्या नाकासाठी केलेलं होतं.

साठच्या दशकाची सुरुवात होती. तोंडवलीजवळच्या एका लहानशा दवाखान्यात मी नर्स होते. आदल्या दिवशी सुमती नावाची बाळंतीण सासूबरोबर बाळाला घेऊन आली होती. बाळाचं नाक चोंदलं होतं. झोपेत घोरायचं, प्यायला घेतलं की दोन घोट घेऊन सोडायचं आणि रडायचं.

तान्ह्या बाळाचं नाक चोंदणं म्हणजे मोठ्या माणसाची सर्दी नव्हे. सुरुवातीचे काही महिने बाळ बहुतेक नाकानेच श्वास घेतं. नाक बंद असेल, तर एका वेळी पिणं किंवा श्वास यातलं एकच जमतं. बाळ श्वास निवडतं आणि उपाशी राहतं. त्यावर उपाय साधा आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात थोडं मीठ घालायचं. त्याचे थेंब नाकात सोडले की सुकलेला शेंबूड मऊ होतो. दवाखान्यात त्याला सलाइन म्हणतात.

डॉक्टरांनी सुमतीला सांगितलं, "कपभर पाणी, चिमूटभर मीठ. पाजायच्या आधी दोन-दोन थेंब. नाकात तेल घालायचं नाही."

शेवटचं वाक्य सासूसाठी होतं. त्या भागात बाळाला न्हाऊ घालताना नाकात खोबरेल सोडायची पद्धत होती. ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरू शकतं. सासूला सगळा गाव वयनी म्हणत असे. वयनींनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरून निरोप आला. मिठाचं पाणी घातल्यापासून पोर किंचाळतंय, सकाळपासून अंगावर प्यायलेलं नाही.

"तुम्ही जा," डॉक्टर म्हणाले. "नाक ओढायचा रबरी बल्ब न्या. संध्याकाळपर्यंत प्यायलं नाही, तर होडीत घालून मालवणला हलवा."

"एवढ्या वाऱ्यात?"

"म्हणूनच आधी तुम्ही जा."

तर त्यांच्या घरचं ते पाणी मी चाखलं होतं.

"वयनी, यात मीठ किती घातलंत?"

"डाक्टरान सांगल्यान तितक्याच. चिमूटभर."

"दाखवा बघू."

वयनींनी मिठाच्या मडक्यात हात घातला. चिमटीत पाचही बोटं होती, तळव्याचाही थोडा हातभार होता. त्यांचा जन्म मासे खारवण्यात गेला होता. त्या हाताची चिमूट तेवढीच असायची. कपाच्या जागी त्यांनी आमटीची वाटी घेतली होती.

मी नवं पाणी उकळलं, गार केलं, दोन बोटांत मावेल एवढं मीठ टाकलं. वयनींनी चाखलं.

"गो बाय, ह्या तर अळणी!"

"असंच हवं."

"ह्येच्यान शेंबूड सुटतलो? आमच्या कालवणात ह्येच्यापेक्षा जास्त मीठ आसता."

"कालवण आपण नाकात घालत नाही."

"घातला तर बरा जायत."

मी हात धुऊन आले. मडक्याचं झाकण तिरकं दिसलं, म्हणून पुन्हा चाखलं. पाणी पुन्हा खारट होतं.

"वयनी!"

"वायचसाच घातलंय. तू ल्हान आसस, तुका कळाचा नाय."

आतल्या खोलीत सुमती बाळाला पाजायचा प्रयत्न करत होती. बाळ तोंड लावायचं, गुदमरायचं, सोडायचं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. सुमतीही रडत होती.

मी वयनींना म्हटलं, "डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट हवं. त्याहून जास्त घातलं की नाक आतून झोंबतं, आणखी सुजतं."

"मगे ही सकाळपासना रडताच आसा," त्यांनी सुनेकडे बोट केलं. "धर वाटी तिच्या फुडे."

तेवढ्यात पडवीतून त्यांच्या यजमानांचा आवाज आला. "ता पाणी माका हय दिया. ह्या घरात मिठाची पारख आता माकाच आसा. तुमच्यो जिभो मेल्यो."

यजमानांना तात्या म्हणत. ते पूर्वी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते. त्यांना ब्लड प्रेशर होतं आणि आमच्याच डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं. पावसाळ्यापासून ते अळणी जेवत होते आणि रोज जेवताना भांडत होते. मीठ सुटलेल्या जिभेला थोडं मीठही लगेच कळतं. त्यांचं म्हणणं मला पटलं.

मी पुन्हा नवं पाणी केलं आणि दोन वेगळे चमचे घेतले. पहिला चमचा वयनींच्या पाण्याचा होता. तात्यांनी तो थेट अंगणात थुंकला.

"ह्येच्यात होडी सोडलास तर बुडाची नाय."

दुसरा माझ्या पाण्याचा. तात्यांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

"ह्येच्यात मीठ लागता," ते म्हणाले.

"जास्त?"

"नाय. पन लागता." मग त्यांनी चमचा पुढे केला. "आणखी वायच दी. खात्री करूक व्हयी."

मी दिलं. त्यांनी पुन्हा चमचा पुढे केला. वयनींनी वाटी ओढून घेतली.

"झाली खात्री! नातवाच्या नाकाचा पाणी पितास, लाज वाटणा नाय?"

"तुज्या अळणी जेवणान माजी जीभ पेजेक पन वळखणा नाय, त्येची तुका लाज वाटता?"

निकाल लागला होता. वयनींनी मडक्याचं झाकण घट्ट बसवलं. मडकं तात्यांकडे सोपवावं असं एकदा मनात आलं, पण डॉक्टरांची आठवण झाली.

मी बाळाला मांडीवर घेतलं, मान किंचित मागे केली, दोन्हीकडे दोन-दोन थेंब सोडले आणि थांबले. हे थांबणं महत्त्वाचं. मग बल्ब काढला.

"ह्यो गाडयेचो भोंपू कित्याक?" वयनींनी विचारलं.

"हा वाजत नाही, ओढतो."

बल्ब बाहेरच दाबायचा, दाबलेलाच नाकपुडीच्या तोंडाशी धरायचा आणि हळूच सोडायचा. आत नेऊन दाबला तर शेंबूड उलटा वर जातो. पहिल्या नाकपुडीतून थोडं आलं. दुसऱ्या नाकपुडीपर्यंत बल्ब पोचण्याआधी बाळ शिंकलं. ज्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, ते सगळं माझ्या बाहीवर आलं. मऊ फडक्याच्या टोकाने मी नाकपुड्यांच्या कडा टिपल्या. आत काही घातलं नाही.

सुमतीने बाळाला घेतलं. बाळाने एकदा ओढलं, थांबलं. आम्ही तिघी बघत होतो. मग गटागट आवाज यायला लागला आणि थांबेना.

"सावकाश रे मेल्या," वयनी म्हणाल्या, "कोण न्हेणा नाय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पडवीतून विचारणा झाली, "पिता?"

"पिता!"

होडी लागली नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "मीठ किती घातलं होतं त्यांनी?"

"चिमूटभर."

"मग बिघडलं कुठे?"

"चिमूट मासे खारवणाऱ्या हाताची होती."

डॉक्टरांनी स्वतःच्या बोटांची चिमूट करून बघितली. मग कंपाउंडरला हाक मारून म्हणाले, "उद्यापासून हे पाणी आपणच उकळून बाटलीत भरून द्यायचं."

बाटल्या कधी असत, कधी नसत. नसल्या की मी त्या त्या बाळाच्या घरी जाऊन त्यांच्याच भांड्यात, त्यांचंच मीठ घेऊन पाणी करून दाखवत असे. चाखायला घरातला मिठाचं पथ्य असलेला माणूस घेत असे. तो शोधावा लागत नसे. जेवणाच्या वेळी गेलं, की त्याचं भांडण रस्त्यावरूनच ऐकू येई.