शिदोरीचा डबा

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा उकळतोय, तुम्हीही बसलाय, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तर ऐकाच.

आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीत कुणाकडं पाहुणे आले, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं मला आधी कळतं. एकच गोष्ट कळत नव्हती. समोरच्या बेकरीवाल्या इब्राहिमचाचांच्या दारात रोज सकाळी टेम्पोत पांढरी खोकी चढतात. त्यात असतं काय? दहा वर्षं विचारतेय. "ऑर्डरचा माल हाय, वहिनी," एवढंच बोलतात आणि दाढीतल्या दाढीत हसतात.

असू दे. यंदा लेकीची पहिली दिवाळी. ती झाल्यावर लेक-जावई पुढं गेले, आणि मागून तिच्या सासरी शिदोरी घेऊन जायचा मान आमचा. शिदोरी म्हणजे फराळाचा डबा हो! पण ह्या डब्यात लाडवांबरोबर माझी अब्रूही भरलेली होती. साखरपुड्यात मी बेकरीची नानकटाई ठेवली, तर विहीणबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "तुमच्यात घरी काय करत न्हाईत वाटतं?"

झोंबणार नाही? आठ दिवस गॅसपुढं उभी राहिले. लाडू, चकल्या, करंज्या, शंकरपाळ्या. पितळी डब्याचं झाकण बसेना.

लेकीचं सासर चंदगडच्या पलीकडं. जावई हौशी. वाटेत डोंगरावर एक भारी रिसॉर्ट आहे, तिथं दोन दिवस आमची सोय केली. काय तो थाट! पलंग एवढा, की ह्यांना हाक मारून शोधावं लागे. न्हाणीघराला काचेची भिंत! मी आधी तिच्यावर चादर टांगली. बाहेर मात्र डोळे निवले. खाली कापलेल्या भाताची पिवळी खाचरं, दरीत कापसासारखं धुकं, अंगाला गोड थंडी.

आम्ही फिरून आलो, तर पडवीतल्या टेबलावर चिनीमातीचा हा एवढा वाडगा. आत नाचणीची बिस्किटं, वर रुमाल झाकलेला. आणि त्याच वेळी शेजारच्या बंगलीच्या पडवीतून एक गोरीपान दिल्लीकडची बाई हात हलवून हसली.

"बघितलंत?" मी ह्यांना म्हटलं. "आल्या आल्या शेजारणीनं वाडगा पाठवला. ह्याला म्हणतात माणुसकी!"

बिस्किटं ताटात ओतली आणि डबा उघडला.

"अगं, ती शिदोरी हाय!" हे ओरडले.

"मग काय वाडगा रिकामा परत देऊ? आपल्यात तशी रीत हाय का?"

शीग लावून लाडू भरले. शेजारीण कुठं बाहेर गेली होती, म्हणून तिच्या टेबलावर ठेवून आले. संध्याकाळी बघते, तर आमच्या टेबलावर पुन्हा वाडगा, पुन्हा बिस्किटं!

आता सांगा, मी मागं हटू? कोल्हापूरची आहे मी! चकल्या गेल्या. सकाळी पुन्हा वाडगा. करंज्या गेल्या. शेजारीण बागेत दिसली, तेव्हा मी माझ्या हिंदीत विचारलं, "कैसा लगा?"

"बहुत बढ़िया! हमने तो सब खा लिया!"

"खाओ की! लाजनेका नहीं! और आपके बिस्किट बी एक नंबर!"

"हाँ जी, बिस्किट भी बहुत अच्छे हैं," ती म्हणाली.

बघा, किती सरळ बोलणं झालं आमचं! शंका यायला जागा आहे का? संध्याकाळी चौथा वाडगा आला आणि शंकरपाळ्याही गेल्या. बिस्किटं आम्हा दोघांना संपेनात, म्हणून मी ती डब्यात भरत गेले. डबा पुन्हा तुडुंब.

तिसऱ्या दिवशी निघताना शेजारीण मॅनेजरसमोर उभी. "आपके लड्डू, चकली, सब कमाल! हर बार कमरे में लौटे, तो कुछ नया मिला!"

मॅनेजर गोंधळला. "मॅडम, हम तो हर कमरे में सुबह-शाम सिर्फ बिस्किट रखते हैं."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. हे माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "लई मोठी माणुसकी हो तुझ्या शेजारणीची."

विहीणबाईंच्या दारात पोचल्यावर मी डबा पदराआडूनच पुढं केला. त्यांनी झाकण काढलं. भरलेल्या डब्यात नुसती बिस्किटं! त्यांनी एक उचललं, चावलं, डोळे मिटले.

"ही घरी केलीसा?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय तर!"

हे जोरात खोकले.

"आता पटलं बघा, तुमच्या हाताला चव हाय," विहीणबाई म्हणाल्या. "धाकट्याचा साखरपुडा महिन्यावर आलाय. दीडशे माणूस. गोडाचं तुमच्याकडं. हीच करून आणायची!"

घरी आल्यावर चार दिवस नाचणी भाजली. कधी वीट झाली, कधी राख. शेवटी लाज सोडून रिसॉर्टला फोन लावला. कृती तेवढी सांगा म्हटलं.

"आम्ही नाही हो करत, ताई. कोल्हापूरहून येतात. शाहूपुरीतून."

फोन हातात धरून मी खिडकीत आले. समोर टेम्पो उभा. पांढरी खोकी चढत होती.

गेले. चाचांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोट धरून हसले, खांद्यावरच्या रुमालाचा कोपरा डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "देतो की दीडशे माणसांची! पण वहिनी, खोक्यात काय असतं म्हणून आता मला इचारायचं न्हाय. तुमच्या विहीणबाईंना इचारा."