सासऱ्यांची बिअर आणि अंगणातलं अळू

आता तुमच्यापासून काय लपवायचं! मी माझं शहाणपण थेट सासऱ्यांच्या दहाव्याला नेऊन मांडलं.

सासरे न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. रविवारी दुपारी तळलेले बोंबील आणि तीच ती साधी बिअर, पनवेलच्या कुठल्याही दुकानात मिळणारी. किती ब्रँड आले नि गेले, यांची बाटली काही बदलली नाही. मी मुलगी मागायला गेलो तेव्हाही त्यांनी तीच माझ्यापुढे ठेवली. पुढे आठ वर्षं दर रविवारी.

मी पडलो बेलापूरच्या ऑफिसातला, संत्र्याच्या सालीची बिअर पिणारा. सासरे बोंबील आणायला आत गेले की मी माझा ग्लास अंगणातल्या अळवात ओतायचो. काय माजलं होतं म्हणता ते अळू!

दहाव्याला पिंडाशेजारी त्यांच्या आवडीचं ठेवायचं होतं. बिअरचं काम मी मागून घेतलं. म्हटलं, जन्मभर साधी प्यायले, निदान आता तरी चांगली पिऊ देत. खास महागडी आणली.

गाढी नदीच्या काठी पान मांडलं. समोर बाभळीवर कावळेच कावळे, पण एकही पिंडाला शिवेना. मेहुण्यानं घराचा वरचा मजला पुरा करायचं कबूल केलं. बायकोनं आईला सांभाळायचं वचन दिलं. कावळे ढिम्म. चुलत सासरे गुरुजींकडे बघू लागले, गुरुजी घड्याळाकडे, आणि मग सगळे माझ्याकडे.

मला वाटलं, सासरे माझ्यावरच रागावलेत. हात जोडले आणि चारचौघांत सगळं कबूल करून टाकलं, अळवासकट.

सासूबाईंनी पिशवीतून सासऱ्यांची नेहमीची बाटली काढली, माझी बाजूला सारली आणि ती पानाशेजारी ओतली. गुरुजींनी नदीकडे तोंड फिरवलं. एक कावळा उतरला आणि शिवला.

मी सासूबाईंच्या पाया पडलो. म्हटलं, "आई, आठ वर्षं फसवलं मी त्यांना."

"त्यांना ठाव होतं, जावयबापू," त्या म्हणाल्या. "म्हनून तर मुद्दाम आत यायचे. बोलायचे, त्याला आवडत नाय, पन माज्यासाठी बसतो. वतू दे बिचाऱ्याला."

असा माणूस मला सासरा म्हणून मिळाला, आणखी काय हवं होतं?

आता दर रविवारी मी तीच पितो, शेवटच्या थेंबापर्यंत. आणि खरं सांगू? चांगली आहे हो ती. आठ वर्षं अळवाला कळत होतं, मलाच कळलं नाही.