सिंधूकाकूंची उकिरड्यावरची बाग

फोन आला तेव्हा मी बागेतच होते. दोडक्याचा वेल कुंपणाच्या तारेवरून घसरून खाली आला होता, तो सुतळीनं बांधत होते. "बाई, आई गेल्या..." एवढंच बोलून मंदानं फोन ठेवला. मंदा म्हणजे सिंधूकाकूंची मोठी सून. काकूंना बुलडाण्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, हृदय थकलंय असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. तरी हातातलं काम मी सोडलं नाही. वेल नीट बांधला, हात धुतले आणि मग तिथंच मातीत बसून रडले. काम अर्धवट टाकून निघाले असते, तर काकूंनी तिरडीवरून उठून मला झापलं असतं.

तेरवीच्या आधी शाळेत शोकसभा झाली. एकामागून एक माणसं उठली आणि काकू किती शांत होत्या, किती मनमिळाऊ होत्या, सगळ्यांना कशा धरून चालत, हे सांगत राहिली. यातल्या निम्म्या लोकांशी काकूंचं कडाक्याचं भांडण झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. गेलेल्या माणसाला गोड करून टाकायची आपल्याकडे रीत आहे. मी ती मोडणार आहे. काकू शांत नव्हत्या. मनमिळाऊ तर मुळीच नव्हत्या. जवळच्या धाड गावच्या बाजारावर जगणाऱ्या आमच्यासारख्या शेतीच्या गावात बायकांचं बागकाम मंडळ शांत बाईच्या हातून उभं राहत नसतं.

मी या गावात बदली होऊन आले ती शाळेत शिकवायला. काकूंच्या गल्लीत खोली घेतली होती. सामान लावत असताना एक उंच, सावळी, नऊवारीतली बाई दारात येऊन उभी राहिली. नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न. "बाई, तुमच्या इकडं ऊन येते का वो?" येतं म्हटल्यावर हातातली अबोलीची कुंडी त्यांनी माझ्या उंबऱ्याशी ठेवली आणि म्हणाल्या, "मंग हे इथं राहू द्या. माह्या घरी आता जागाच नाही राह्यली." त्याच आठवड्यात त्यांच्या मुलांनी अख्ख्या अंगणाला कोबा केला होता. गाडी लावायला सोयीचं, सोयाबीन वाळवायला सोयीचं, पावसाळ्यात चिखल नाही. सगळं खरंच होतं. पण त्या कोब्याखाली काकूंची अबोली, गवती चहा, आळूचा वाफा आणि लग्न होऊन आल्यापासून लावलेलं सगळं काही गेलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कुंडी ठेवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी रडली नाही हो. मले लय राग आला..."

त्या रागातूनच बाग झाली. शाळेच्या भिंतीला लागून, रस्त्याकडेला, गावाचा जुना उकिरडा होता. फुटक्या काचा, पिशव्या, बाभळीचे काटे, मोडकी चाकं. काकू एका रविवारी टोपलं आणि फावडं घेऊन तिथं गेल्या. दुसऱ्या रविवारी त्यांच्यासोबत चौघी होत्या, मग मी गेले, मग पारावर बसणाऱ्या माणसांना थट्टेला विषय मिळाला. काकूंचे दीर एकदा मुद्दाम वाट वाकडी करून आले. "वहिनी, वावरात माती कमी पडली का तुमाले? दिवसभर निंदता, खुरपता, आन रविवारी पुन्हा मातीच खेलता? काऊन?" काकूंनी मान वर केली नाही. खुरपं चालवत म्हणाल्या, "वावर तुमच्या नावावर हाय, भाऊजी. त्यात मी पऱ्हाटी लावतो, तुम्ही म्हणान ते लावतो. इथं मी मले वाटते ते लावतो." दीर गेले.  कुणीतरी हसलं आणि आम्ही सगळ्या पुन्हा दगड वेचायला लागलो.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. काकूंना झाडांचं फारसं कळत नव्हतं. त्यांचे गुलाब दर वर्षी मरायचे, पाणी जास्त घालायच्या म्हणून. कलम बांधावं तर आमच्यातल्या सत्यभामाबाईंनी, बी धरावं तर शेवंतानं. काकूंचा हात भांडायला चांगला होता आणि आमच्या बागेला खतापेक्षा त्याची गरज जास्त पडली.

पहिलाच उन्हाळा कठीण गेला. गावात टँकर सुरू झाले, विहिरीवर रांगा लागल्या आणि बागेतली झाडं हिरवी पाहून लोकांची डोकी तापली. एका सकाळी आम्ही हंडे घेऊन चाललो होतो तेव्हा एका गृहस्थांनी रस्ता अडवला. चारचौघांत आवाज चढवून म्हणाले, "लोकाईले प्यायले पाणी नाही आन तुम्ही फुलाईले पाजून राह्यल्या? लाज वाटत नाही?" काकूंनी डोक्यावरचा हंडा उतरवला. तो त्यांच्यापुढं धरला. "घ्या, प्या." ते मागं सरले. "प्या ना! खरकट्या भांड्याचं हाय, भाजी धुतल्याचं हाय, थोडकंसं लेकराईच्या कपड्याचंबी हाय. तुम्ही प्यायले तयार असान तं मी झाडाईले नाही देत." बाजूचे लोक हसले. त्यानंतर पाण्यावरून आम्हाला कुणी बोललं नाही, उलट आसपासच्या घरांतून धुण्याभांड्याचं पाणी बादल्या भरून येऊ लागलं.

मग आमचं प्रदर्शन सुरू झालं. दर हिवाळ्यात, शाळेच्या व्हरांड्यात, फुलं, भाज्या आणि कुंड्या मांडायच्या. पहिल्या वर्षी मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या आणि बायकांना नावं विचारत गेले. बहुतेकींनी नवऱ्याचं नाव सांगितलं, कुणी मुलाचं. वालाच्या शेंगांची सुरेख परडी घेऊन आलेली एक म्हातारी म्हणाली, "लिहा, बापूची माय." काकू मागून आल्या. "बापूनं लावला का वाल? तुहं नाव काय?" म्हातारी गोंधळली. कितीतरी वेळ आठवल्यासारखं करून हळूच म्हणाली, "अनसूया..." काकूंनी ती चिठ्ठी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतली. त्या दिवशी अनसूयाबाई संध्याकाळपर्यंत आपल्या परडीपाशी उभ्या होत्या आणि वाचता येणाऱ्या प्रत्येक माणसाला थांबवून विचारत होत्या, "काय लिहिलं वो इथं?" त्यांना बक्षीस मिळालं नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

बाग बहरली आणि रस्त्याकडेची ती जागा लोकांच्या डोळ्यांत भरली. उकिरडा होता तोवर तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. आता ग्रामपंचायतीनं तिथं दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं. आम्हाला कळलं तेव्हा आखणीसुद्धा झाली होती. आणि काकूंसाठी खरी परीक्षा पुढंच होती, कारण त्यातला एक गाळा त्यांच्या थोरल्या मुलाला, प्रकाशला, मिळणार होता. शेती पुरत नव्हती, खताच्या दुकानाचं त्याचं फार दिवसांचं मनात होतं. घरात बोलणी झाली. प्रकाश आईला म्हणाला, "तुले बाग पाह्यजे का पोरगं?" हे मला काकूंनीच सांगितलं. उत्तर काय दिलं विचारल्यावर म्हणाल्या, "म्हटलं, मले दोन्ही पाह्यजे. आन तू मले असं विचारू नोको, मी तुही माय हाओ, बाजारातलं गिऱ्हाईक नाही."

जेसीबी आला त्या सकाळी काकू आमच्या आधीच बागेत होत्या. रस्त्याकडच्या शेवग्याखाली खुर्ची टाकून गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा मशीन सुरू होतं, धूर होता, गर्दी होती आणि गर्दीत प्रकाशही होता. चालवणारा माणूस गावातलाच, काकूंच्या ओळखीचा. तो वरून ओरडला, "काकू, उठा ना वो, मले मार खाऊ घालता का?" काकू म्हणाल्या, "तू तुहं काम कर, पोरा. मी माहं करून राह्यली." आणि शेंगा मोडत राहिल्या. आम्ही एकेक करत त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. मला भीती वाटत होती, नोकरी होती, बोलणारे होते. काकूंनी माझ्याकडे न पाहता मूठभर शेंगा माझ्या पदरात टाकल्या. "हात रिकामा असला का भेव वाटते," म्हणाल्या. थोड्या वेळानं मशीन बंद झालं. तो माणूस खाली उतरला आणि चहा प्यायला निघून गेला.

हे असं सांगितलं की जिंकल्यासारखं वाटतं. आम्ही जिंकलो नाही. पुढं बैठका झाल्या, मध्यस्थ झाले आणि जागेचे दोन भाग झाले. रस्त्याकडचा अर्धा भाग गेला, शेवगाही गेला. प्रकाशला गाळा मिळाला. कुणीतरी काकूंना म्हणालं, चला, अर्धं तरी वाचलं. काकू उसळल्या, "अर्धं वाचलं म्हणून हसत बसू नोका. अर्धं नेलं म्हणा!" आणि पुढच्याच रविवारी त्यांनी गाळ्यांच्या मागच्या भिंतींना ओळीनं दोडक्याचे आणि कारल्याचे वेल लावायला घेतले. दुकानदारांनी हरकत घेतली, भिंत खराब होते म्हणून. "भित तुमची, येल माहा," काकू म्हणाल्या. "कापायचा असन तं माह्यासमोर कापजा." कुणी कापला नाही. मुलाच्या दुकानामागं त्यांनी सगळ्यात दाट वेल चढवला. कितीतरी महिने मायलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलले नाहीत. पुढं बोलायला लागले, पण त्या गाळ्यात काकूंनी शेवटपर्यंत पाऊल ठेवलं नाही. प्रकाशला ते लागायचं. काकूंनाही लागत असणार... त्यांनी ते कुणाला दिसू दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनात त्यांना धाप लागत होती. डॉक्टरांनी हिंडू नका म्हटलं होतं. तरी आल्या, प्रत्येक कुंडीपाशी थांबल्या आणि मी दिलेल्या पहिल्या बक्षिसावरून माझ्याशी सगळ्यांसमोर भांडल्या. उन्हाळ्यात पडूनच होत्या. शेवटची भेट दवाखान्यात झाली. नाकाला नळी, आवाज बारीक. पण सांगायचं ते सांगितलंच. "बाई, मी गेली का माह्या नावाचं बाकडं-फिकडं बसवतीन तिथं. बसवू देऊ नोका. तेवढ्या जागेत मेथी होते."

अगदी तसंच झालं. पंधरवडाही उलटला नसेल, तोच बागेच्या मधोमध काकूंच्या नावाचा सिमेंटचा ओटा बांधायची टूम निघाली. आम्ही नको म्हटलं. मग ग्रामसभेत खरं पोटातलं ओठावर आलं. एक जण उठून म्हणाले की ओटा नको तर नको, पण काकू गेल्यावर आता त्या जागेला कोणी वाली राहिला नाही, रिकामी जागा गावाच्या कामी यावी.

मी उठणारच होते. पण माझ्याआधी मागच्या रांगेतून मंदा उभी राहिली. काकूंची हीच सून, जी सासूच्या भांडणांच्या वेळी आत पोळ्या लाटत बसायची, जिचा आवाज मी सभेत कधी ऐकला नव्हता. पुढच्या रांगेत तिचा नवरा प्रकाश बसला होता. डोक्यावरचा पदर नीट करून ती म्हणाली, "जागा रिकामी नाही. तिथं वांगे हायत, दोडके हायत, आन आम्ही हाओत. कोनाले मोजायचं असन तं रविवारी यावं." कुणीतरी प्रकाशकडे पाहून म्हटलं, "अबे, घरच्या बाईले सांग काही." प्रकाशनं मागं वळून बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते बरोबर बोलून राह्यली." विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. म्हणजे तो पुन्हा येणार. येऊ द्या.

बाहेर पडल्यावर मंदानं मला गाठलं. "बाई, मी जास्त बोलली का वो?"

"काकू याच्या दुप्पट बोलल्या असत्या," मी म्हटलं.

ती हसली नाही. पायात चप्पल सरकवत म्हणाली, "मंग पुढच्या सभेले मी पुढच्या रांगेत बसते."